निळं चाक कधीच अडत नाही

डीएनएची प्रत कशी निघते हे तुम्ही मोबाइलवर कधी शोधलं असेल, तर ड्रू बेरीचं ॲनिमेशन नजरेखालून गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. नाव लक्षात नसेल, दृश्य असेल. डावीकडून डीएनएचा पिळदार दोर आत येतो. मेदूवड्यासारखं मध्ये भोक असलेलं एक निळं चाक गरगर फिरत असतं. दोर त्याच्यावर आदळतो आणि त्याचे दोन पदर सुटे होतात. एक पदर सरळ पुढे जातो आणि त्याची जोडी जाता जाता तयार होते. दुसऱ्याची दिशा उलटी, म्हणून त्याचा फास करून, मागे ओढून, तुकड्यातुकड्यानं प्रत काढावी लागते. हे सगळं इतक्या लयीत चालतं की पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून 'हे माझ्या आत चाललंय?' असं निघतंच.

बेरी हा मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधला ॲनिमेटर. डीएनएच्या रचनेच्या शोधाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २००३ साली, 'डीएनए' नावाच्या माहितीपट-मालिकेसाठी त्यानं असली दृश्यं तयार केली. २०१० मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुढे ब्योर्कच्या 'हॉलो' या गाण्याचा व्हिडिओही त्यानंच केला. म्हणजे हा माणूस पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या हलत्या करणारा नुसता कारागीर नाही, त्याला स्वतःची दृष्टी आहे. विज्ञानाचं चित्र दिसलं की आपण 'बरोबर की चूक' एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. मला ते अपुरं वाटतं. सिनेमाला जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारता येतात. कॅमेरा कुठे ठेवलाय? काय चौकटीबाहेर राहिलंय? गोष्ट कुठे कापली आहे?

आधी श्रेय देऊ. बेरीच्या आधी बहुतेकांच्या डोक्यात डीएनए म्हणजे दवाखान्याच्या भिंतीवरची गोंडस शिडी होती, स्तब्ध आणि निळी-जांभळी. बेरीनं तिला वजन दिलं, गती दिली. दुसऱ्या पदराचा तो फास बघितल्याशिवाय 'ओकाझाकी तुकडे' हा शब्द फक्त परीक्षेपुरता राहतो. बघितल्यावर कळतं की पॉलिमरेज हे विकर एकाच दिशेनं लिहू शकतं, आणि त्या एका मर्यादेपायी पेशीला केवढा खटाटोप करावा लागतो.

आता तक्रार. या चित्रपटातलं यंत्र कधी अडत नाही. दोर आत येतो तो स्वच्छ, कोरा, सलग. जगात ऊन नाही, धूर नाही, पाणी नाही असा.

'पाणी' हे मी उगाच लिहिलेलं नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की डीएनए हा समजला जात होता तसा दगडासारखा टिकाऊ रेणू नाही. पेशीतल्या पाण्यात नुसता ठेवला तरी तो झिजतो. मानवी पेशीत एका दिवसात दहा हजारांच्या घरात अक्षरं आपल्या कण्यापासून गळून पडतात. काही सायटोसिन आपला एक भाग गमावून युरॅसिल होतात. हे कुठल्याही विषाशिवाय, सिगारेट न ओढता, सावलीत बसून. त्यावर ऊन आलं की त्वचेच्या पेशीत शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना घट्ट चिकटतात. वहीची दोन पानं पाणी सांडून चिकटावीत तसे. पॉलिमरेजचा जबडा एका वेळी एकच अक्षर धरण्याइतका अरुंद असतो. चिकटलेली जोडी त्यात मावत नाही. निळं चाक पुढे फिरत राहतं आणि लिहिणारा मागे थांबतो.

बेरीच्या चौकटीत हा क्षण नाही. काही मिनिटांच्या माहितीपर दृश्यात तो नसल्याबद्दल त्याला दोष देणं मला तितकंसं न्याय्य वाटत नाही. त्यानं सामान्य दिवसाचं चित्र काढलं. पण त्याच्या पाठोपाठ जे शेकडो व्हिडिओ आले, त्यांनी त्याचं तंत्र उचललं नाही (ते अवघड आहे), त्याचा सूर उचलला. यंत्र, कारखाना, असेंब्ली लाइन, अचूकता. आणि मग शेवटच्या मिनिटात एक वाक्य: कधीकधी चुका होतात, त्यातून कर्करोग होतो. पडदा.

त्या 'चुका' या शब्दाशी माझं भांडण आहे.

दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात. 'क'च्या जागी 'ख' लिहिला गेला तर ती चूक. अक्षर धडधाकट आहे, फक्त भलतं आहे. पण पानावर शाई सांडली, पान फाटलं, दोन पानं चिकटली, तर ती इजा. चूक वाचता येते, इजा वाचताच येत नाही. पेशी या दोन्हींशी पूर्णपणे वेगळ्या रीतीनं वागते. चुकीसाठी तिच्याकडे तपासनीस आहेत. पॉलिमरेज स्वतःच मागे वळून नुकतं लिहिलेलं अक्षर खोडू शकतं. त्याच्याही हातून सुटलं तर दुसरी एक यंत्रणा जुना पदर कुठला आणि नवा कुठला हे ओळखून नव्यात दुरुस्ती करते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा पेच ओळखीचा वाटेल. दोन प्रतींत पाठभेद आहे, मूळ कुठली? ई. कोलाय या जिवाणूत जुन्या पदरावर मिथाइलच्या खुणा असतात आणि ताज्या पदरावर त्या अजून चढलेल्या नसतात, म्हणून निवाडा करता येतो. या सगळ्या गाळण्यांमधून गेल्यावर अब्ज अक्षरांमागे एखादी चूक उरते. कौतुक करावं असंच हे आहे, आणि लोकप्रिय विज्ञान ते भरपूर करतं.

इजेचं काय? इथे बहुतेक व्हिडिओ 'दुरुस्ती' या शब्दावर येऊन थांबतात. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना डीएनए-दुरुस्तीसाठीच मिळालं, त्यामुळे शब्दाला वजनही आलं. दुरुस्तीची गोष्ट सांगायला सोपी आहे: बिघडलेला तुकडा कापायचा, समोरच्या पदराकडे बघून तो पुन्हा भरायचा. डीएनएला दोन पदर असण्याचा हाच तर फायदा. एक खराब झाला तरी माहिती दुसऱ्यात शाबूत असते.

पण प्रत निघत असताना हे दोन पदर वेगळे झालेले असतात! समोर बघायला कुणी उरलेलंच नाही. आणि अशा एकट्या पदरातला बिघाड कापायला गेलं तर गुणसूत्रच तुटतं. एरवी जी दुरुस्ती पेशीला वाचवते तीच या जागी तिला मारू शकते. म्हणून पेशी इथे असं काही करते जे कारखान्याच्या गोष्टीत बसत नाही. ती बिघाड आहे तिथेच राहू देते आणि प्रत पुढे नेते. निस्तरायचं नंतर, दोन पदर पुन्हा जोडीनं आले की.

इंग्रजीत याला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'सहन करणं'. मराठीत आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: निभावून नेणं. घरात कार्य आहे आणि आदल्या दिवशी भिंत ओलावली, तर कुणी गवंडी बोलावत नाही. भिंतीपुढे कपाट सरकवतात. 'जुगाड' हा शब्दही इथे मोह घालतो, पण तो मला चालत नाही. जुगाडात जे हाताला लागेल ते वापरायचं असतं. पेशी तसं करत नाही, तिच्याकडे यासाठी नेमलेली माणसं आहेत आणि त्यांना बोलावण्याची ठरलेली पद्धत आहे.

१९६८ साली येल विद्यापीठात डीन रप आणि पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी अतिनील किरणांनी मारा केलेल्या, दुरुस्तीची क्षमता नसलेल्या जिवाणूंचा नवा डीएनए तपासला. तो अखंड नव्हता, त्यात खंड होते. साधारण जेवढे बिघाड, तेवढे खंड. म्हणजे प्रत काढणारा अडथळ्यापाशी मरून पडला नव्हता. तो ओळ सोडून पुढच्या ओळीपासून लिहायला लागला होता. आणि काही वेळानं ते खंडही भरले गेले होते. परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढे जाणारा विद्यार्थी आठवा. शेवटी वेळ उरला की तो त्या रिकाम्या जागेकडे परत येतो. तेव्हा दोन मार्ग असतात. एक, शेजारच्याच्या वहीत डोकावणं. पेशीत हे अक्षरशः घडतं: दुसऱ्या बाजूची जुळी प्रत नुकतीच तयार झालेली असते, तिच्यावरून मजकूर घेता येतो. दुसरा मार्ग, अंदाजे काहीतरी लिहिणं.

हा 'अंदाजे लिहिणारा' माझ्या मते या सगळ्या नाट्यातलं सर्वांत चांगलं पात्र आहे, आणि त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय झालाय. त्याच्यासाठी आधी आजाराची गोष्ट सांगायला हवी.

झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक आजारात सूर्यप्रकाश त्वचेला सहन होत नाही. लहानपणीच त्वचेवर दाट ठिपके येतात, आणि त्वचेच्या कर्करोगांचा धोका प्रचंड वाढतो. घरांच्या खिडक्यांना पडदे लावून, मुलांना उन्हापासून लपवून आईबाप आयुष्य काढतात. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा कापून काढता येत नाही. कोडं सुटलं, असं वाटलं. पण काही रुग्णांचं बसेना. ऊन त्यांनाही सोसत नव्हतं, कर्करोग त्यांनाही होत होते, आणि दुरुस्ती मात्र अगदी व्यवस्थित चालू होती. त्यांना नाव मिळालं 'व्हेरिएंट'. भेद, प्रकार. वर्गीकरणात न बसणाऱ्यांसाठी ठेवलेला डबा.

समीक्षकाला असे डबे आवडतात. कारण सिद्धान्त कुठे तोकडा आहे हे त्यांत दिसतं. 'दुरुस्ती म्हणजेच सगळं' या समजुतीमुळे, जो दुरुस्ती करू शकतो तो आजारी असणं हाच अपवाद ठरला. १९७५ मध्ये ॲलन लेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशी किरणांनंतर डीएनएची प्रत काढताना अडकतात. आणखी चोवीस वर्षांनी, १९९९ मध्ये, जपानमध्ये फुमिओ हानाओका यांच्या गटाला आणि अमेरिकेत लुईज व सत्या प्रकाश यांच्या गटाला उत्तर सापडलं. या रुग्णांत एका वेगळ्याच पॉलिमरेजचं जनुक बिघडलेलं होतं. त्याचं नाव पॉलिमरेज ईटा.

ईटाचा जबडा ऐसपैस आहे. चिकटलेले दोन थायमिन त्यात एकत्र मावतात, आणि त्यांच्यासमोर ते दोन ॲडेनिन टाकतं. म्हणजे बरोबर उत्तर! पण हेच ईटा कोऱ्या, निरोगी डीएनएवर सोडलं तर शंभर ते हजार अक्षरांमागे एक चुकवतं. त्याला मागे वळून खोडताही येत नाही. म्हणून त्याला आणि त्याच्या भावंडांना सरसकट विशेषण चिकटलं: 'चुकार', 'गबाळं'. शोधनिबंधांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत हेच.

आता बघा. हे गबाळं विकर काढून टाकलं तर चुका कमी व्हायला हव्यात. प्रत्यक्षात त्या वाढतात. ईटा नसलेल्या पेशीत त्या अडथळ्यापाशी दुसरी भावंडं येतात, त्यांना ही जोडी नीट वाचता येत नाही, ती भलती अक्षरं टाकतात. आणि खिडक्यांना पडदे लावलेल्या घरातल्या त्या मुलाला कर्करोग होतो. तेव्हा गबाळं कोण, हे कुठल्या पानावर बसवलंय त्यावर ठरतं. चांगल्या कागदावर सुंदर अक्षर काढणारा माणूस भिजलेल्या कागदावर निकामी ठरतो, आणि उलट. 'चुकार' हे विशेषण विकराच्या स्वभावाचं वर्णन म्हणून लिहिलं गेलं आणि तसंच वाचलं गेलं. ते खरं तर परिस्थितीचं वर्णन होतं. वाङ्मयात आपण अशा निवेदकाला अविश्वसनीय म्हणतो.

बोलावण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. पॉलिमरेजला डीएनएवर धरून ठेवणारी एक कडी असते, पीसीएनए. पॉलिमरेज अडकलं की या कडीवर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवलं जातं. एकच चिकटलं तर अर्थ: ईटासारख्यांना बोलवा. त्याची माळ लावली तर अर्थ: शेजारच्या प्रतीत बघा. ही लिपी स्टेफान येंच यांच्या गटानं २००२ मध्ये यीस्टमध्ये वाचली. गंमत म्हणजे युबिक्विटिन तोवर प्रामुख्यानं 'हे प्रथिन मोडीत काढा' अशी खूण म्हणूनच प्रसिद्ध होतं. दुसऱ्या जागी तोच शिक्का, पण हुकूम वेगळा.

आता आणखी एक शब्द. जिवाणूंमध्ये डीएनएला मोठी इजा झाली की चाळीसहून जास्त जनुकं एकदम जागी होतात. मिरोस्लाव राडमन यांनी १९७०च्या दशकात या प्रतिसादाला 'एसओएस' असं नाव दिलं, बुडत्या जहाजाच्या तारेवरून. नाव झकास आहे, पटकन लक्षात राहतं, आणि माझ्या मते दोन ठिकाणी फसवं आहे. एक तर एसओएस बाहेरच्या कुणाला तरी घातलेली साद असते, आणि जिवाणूला बाहेर कुणी नसतं. दुसरं, त्या शब्दात घबराट आहे. प्रत्यक्षातला क्रम घबराटीच्या उलट आहे. आधी जागी होतात ती नेमकी दुरुस्ती करणारी जनुकं. तेवढ्यावर भागलं तर प्रकरण मिटतं. नाहीच भागलं तर बऱ्याच उशिरा, शेवटचा उपाय म्हणून, चुका करत पुढे जाणारं पॉलिमरेज तयार होतं. यात मला खवळलेल्या समुद्रावरचं जहाज दिसत नाही. शांतपणे एकेक पर्याय संपवत जाणारी, खर्चाचा हिशेब ठेवणारी बाई दिसते.

बाई म्हटलं तर एव्हलिन विटकिन यांचं नाव घ्यायलाच हवं. १९४४ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला, तेविसाव्या वर्षी, त्यांनी जिवाणूंवर अतिनील किरणांचा मारा केला. बहुतेक सगळे मेले, काही थोडे तगले, आणि त्या तगलेल्यांमध्ये किरणांना दाद न देणारा एक नवा वाण त्यांना सापडला. हे का जगले, या प्रश्नामागे त्या पुढची कित्येक दशकं लागल्या. २०१५ मध्ये, दुरुस्तीला नोबेल मिळालं त्याच वर्षी, विटकिन आणि स्टीफन एलेज यांना इजेला पेशी देत असलेल्या प्रतिसादासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. एकाच वर्षी दोन पुरस्कार, एक निस्तरण्याला, एक निभावण्याला. बातम्या कुणाच्या जास्त झाल्या ते सांगायला नको.

शास्त्रज्ञांनाही हे अडखळणं सहज मान्य झालेलं नाही. अडकलेला फाटा कधीकधी उलटा फिरतो: नवे तयार झालेले दोन पदर एकमेकांना जुळतात, आणि चार टोकांची एक आकृती बनते. तिला 'कोंबडीचा पाय' म्हणतात. आपल्याकडे वाईट अक्षराला असंच काहीसं म्हणतात, हा योगायोग मला फार आवडतो. २००२ मध्ये मासिमो लोपेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यीस्टमध्ये हे पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, पण ज्या पेशींची धोक्याची यंत्रणा बिघडलेली होती त्यांत त्यांचा ढीग होता. म्हणून पाय म्हणजे बिघाडाचं लक्षण, असं वाचन झालं. २०१५ मध्ये लोपेस यांच्याच गटानं दाखवलं की मानवी पेशींत वेगवेगळ्या प्रकारच्या इजांनंतर फाटे सर्रास उलटे फिरतात. दोन पावलं मागे येऊन थांबण्याची ही रीतच आहे. बिघडलेला भाग पुन्हा दोन पदरांत झाकला जातो, आणि मग तो दुरुस्तही करता येतो.

हे सगळं शब्दांचं कीस काढणं वाटत असेल, तर 'चूक' हा शब्द प्रयोगशाळेतून बाहेर कसा येतो ते बघा. जानेवारी २०१५ मध्ये क्रिस्तियन तोमासेत्ती आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांचा एक निबंध 'सायन्स'मध्ये आला. वेगवेगळ्या अवयवांत कर्करोगाचं प्रमाण वेगवेगळं का, याचा संबंध त्या अवयवातल्या मूलपेशी आयुष्यभरात किती वेळा विभागतात याच्याशी लावता येतो, असं त्यात होतं. अवयवा-अवयवांतल्या फरकापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग त्यातून समजावता येतो, असा दावा. जगभरच्या मथळ्यांत तो झाला: दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवानं होतात. हे वेगळंच वाक्य आहे.

पण माझा आक्षेप मथळ्यांच्या पुढचा आहे. एकीकडे 'प्रत काढतानाच्या चुका', दुसरीकडे 'बाहेरची कारणं', असे दोन कप्पे या चर्चेत गृहीत धरले गेले. ते इतके सुटे नाहीत. उन्हानं चिकटलेले दोन थायमिन हा अजून बदल नाही. ती इजा आहे, आणि ती काढून टाकता येते. पेशी त्यावरून प्रत काढते आणि समोर भलतं अक्षर पडतं, तेव्हाच ती कायमची होते. युरॅसिल झालेल्या सायटोसिनचं तर आणखी वाईट. तिथे प्रत काढणारा अडखळतसुद्धा नाही, युरॅसिलला थायमिन समजून वाचतो आणि पुढे जातो. इजेचं रूपांतर चुकीत होतं ते याच वळणावर. आणि एकदा झालं की मूळ मजकूर काय होता हे सांगायला कुणी उरत नाही. बाहेरचं आणि आतलं इथे एकमेकांत मिसळतं. बेरीच्या चित्रात नेमकी हीच जागा कोरी आहे.

आपल्याकडे घरात कुणाला कर्करोग झाला की पहिलं वाक्य काय येतं? 'माझं काय चुकलं?' आणि नातेवाईक उत्तरं घेऊन तयारच असतात. प्लास्टिकचा डबा, मायक्रोवेव्ह, बाहेरचं खाणं, राग मनात ठेवणं. मराठीत 'चूक' या शब्दाला कर्ता लागतो, चूक कुणीतरी करतं. विज्ञानाच्या व्हिडिओनं 'पेशीच्या चुका' म्हटलं की तो शब्द हा कर्ता बरोबर घेऊन घरात येतो. 'दुर्दैव' म्हटलं तर उलट टोक, मग तंबाखूबद्दल बोलायचंच कारण नाही. इजा आणि निभावणं या शब्दांत दोन्ही सामावतात. तंबाखूच्या धुरानं इजा वाढतात, हे खरंच. पण निष्पाप, सावलीत बसलेल्या माणसाच्या पेशीतही त्या रोज होतात, आणि रोज निभावल्या जातात. एखाद्या दिवशी एखादी निभत नाही.

उपचारांची भाषाही मग वेगळी दिसू लागते. सिस्प्लॅटिन या औषधाची सुरुवात १९६०च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग यांच्या एका भलत्याच प्रयोगातून झाली. विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते ते बघत होते. जिवाणू वाढत होते, पण विभागत नव्हते, शेवयांसारखे लांबच लांब होत चालले होते. कारण निघालं, विद्युतप्रवाह नव्हे तर विद्युतअग्रांमधलं प्लॅटिनम. १९७८ पासून हे औषध अमेरिकेत अधिकृतपणे वापरात आहे. ते डीएनएतली अक्षरं एकमेकांना बांधून टाकतं. म्हणजे अडथळा, मुद्दाम उभा केलेला. आणि आपलं गुणी ईटा त्या अडथळ्यावरूनही पलीकडे जाऊ शकतं. त्वचेत जे आपल्याला वाचवतं ते गाठीत गाठीला वाचवतं. बीआरसीए जनुकं बिघडलेल्या गाठींवरची ओलापॅरिबसारखी औषधं, जी २०१४ पासून वापरात आहेत, तीही निभावण्याचा एक रस्ता आधीच बंद असताना दुसरा बंद करण्याच्या कल्पनेवर उभी आहेत. 'शत्रू', 'गद्दार पेशी', 'लढाई' या शब्दांत हे सांगताच येत नाही.

बेरीच्या चित्रातल्या त्या फासाकडे परत बघू. ते तुकडे ज्यांच्या नावानं ओळखले जातात ते रेइजी ओकाझाकी १९३० साली हिरोशिमात जन्मले. बॉम्ब पडला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि त्याच्या किरणोत्सर्गाच्या तावडीत सापडले. पुढे नागोयात पत्नी त्सुनेको यांच्याबरोबर त्यांनी हे तुकडे शोधले. १९७५ मध्ये ल्युकेमियानं ते गेले, वय चव्वेचाळीस. एका माणसाच्या आजाराचं बोट एका किरणाकडे दाखवता येत नाही, तसं करूही नये. त्सुनेकोंनी काम पुढे चालू ठेवलं. पण त्या सुरेख, अखंड, न अडखळणाऱ्या फासाला हे नाव आहे, हे एकदा कळल्यावर चित्र पहिल्यासारखं दिसत नाही. निदान मला नाही दिसत.

तर मग अडखळण्याचा सिनेमा कुणी केलाय का? एक आहे, आणि तो कुणा कलावंतानं केलेला नाही. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत स्टीफन कोवाल्चिकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचं प्रत काढणारं यंत्र एकेकटं, प्रत्यक्ष, चालताना चित्रित केलं. दृश्य म्हणून त्यात काहीच नाही. काळी पार्श्वभूमी, त्यावर चमकणाऱ्या काही बारीक रेघा, हळूहळू लांब होत जाणाऱ्या. रंग नाहीत, संगीत नाही, निळं चाक नाही. पण या रेघांचा वेग सारखा नाही. एक सरसर वाढते, शेजारची रेंगाळते. त्यांच्या वेगात दहापटीपर्यंत फरक पडतो. दोन पदरांवरची पॉलिमरेज एकमेकांची वाट बघत नाहीत, ती लय आपल्याला बेरीनं दाखवलेली. आणि लिहिणारा थांबला तर चाक आपला वेग साधारण पाचपटीनं कमी करतं. संशोधकांनी याला रेल्वेतली उपमा दिली, मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली असतं त्या डेडमॅन हँडलची: हात सुटला की गाडी थांबते. इथे मात्र ती पूर्ण थांबत नाही. मंदावते, मागच्याला गाठू देते.

विशेष म्हणजे या प्रयोगातला डीएनए निरोगी होता. ऊन नाही, औषध नाही. आणि तरीही एखादी रेघ मध्येच वाढायची थांबते. काही सेकंद काही होत नाही. मग ती पुन्हा सरकते.